विश्लेषण : व्यसनमुक्तीचे धोरण ठरवताना माजी सैनिकांना विचारले, तर काय बदलते?

व्हिएतनामहून परतलेल्या हेरॉइनच्या व्यसनींपासून अफूजन्य वेदनाशामकांच्या संकटापर्यंत, अमेरिकेने गेल्या पाच दशकांत माजी सैनिकांच्या व्यसनावर अनेक धोरणे आखली. त्यातली बरीचशी सैनिकांना न विचारता आखली गेली आणि त्यांची किंमतही सैनिकांनीच मोजली. त्या अनुभवाचा हा आढावा.

मुद्दा नेमका काय?

अमेरिकेत सुमारे पावणेदोन ते १.८ कोटी माजी सैनिक आहेत. त्यांच्या आरोग्याची, निवृत्तिवेतनाची आणि शिक्षणाच्या सवलतींची जबाबदारी ‘व्हेटरन्स अफेअर्स’ या केंद्रीय विभागाकडे (व्हीए) असते. देशभरात या विभागाची सुमारे १७० मोठी वैद्यकीय केंद्रे आहेत. युद्धातल्या जखमांचे जुने दुखणे, मानसिक आघात, झोप न लागणे आणि त्यातून जडलेले दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन घेऊन येणाऱ्यांची संख्या या रुग्णालयांत मोठी आहे.

उपचार कोणते द्यायचे, कोणत्या गोळ्या किती लिहायच्या, कुणाला पात्र धरायचे आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचे, हे मात्र वॉशिंग्टनमध्ये ठरते. ठरवणाऱ्यांत डॉक्टर असतात, अधिकारी असतात, लोकप्रतिनिधी असतात. ज्याच्यावर उपचार होणार, तो त्या खोलीत असतो का? आणि असला, तर साक्ष देऊन निघून जातो की निर्णय होईपर्यंत बसतो? वाद या प्रश्नांभोवती आहे.

व्हिएतनाममधील हेरॉइनने काय शिकवले?

१९७१ मध्ये रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी हे अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य व्हिएतनामच्या दौऱ्यावर गेले. तेथील अमेरिकी सैनिकांपैकी १० ते १५ टक्के हेरॉइनच्या आहारी गेल्याचे त्यांनी परतल्यावर सांगितले आणि देशात खळबळ उडाली. एकदा हेरॉइन लागले की ते सुटत नाही, असा त्या काळी पक्का समज होता. हे हजारो तरुण घरी परतले, तर शहरांत व्यसन आणि गुन्हेगारीचा पूर येईल, अशी भीती पसरली. १७ जून १९७१ रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम जाहीर केली आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेरोम जॅफी यांच्याकडे नव्या विशेष कार्यालयाची सूत्रे दिली. मायदेशी जाण्याआधी प्रत्येक सैनिकाची लघवी तपासण्याचा नियम झाला. नमुन्यात अमली पदार्थ सापडला, तर विमानात जागा नाही.

याच कार्यालयाने आणखी एक काम केले. परतलेल्या सैनिकांचे पुढे काय होते, हे त्यांनाच विचारायचे ठरवले. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, सेंट लुईस येथील संशोधक ली रॉबिन्स यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्यांपैकी सुमारे ९०० जणांना शोधून काढले, त्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि उत्तरे लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिली. व्हिएतनाममध्ये असताना आपण व्यसनाधीन झालो होतो, असे जवळपास २० टक्क्यांनी सांगितले. परंतु त्या व्यसनाधीनांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेल्यांचे प्रमाण अवघे पाच टक्के होते. तीन वर्षांचा हिशेब मांडला, तरी ते १२ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

हेरॉइन निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. व्यसन केवळ पदार्थात नसते. भीती, कंटाळा, स्वस्त पुरवठा आणि घरापासूनचे अंतर हेही त्याचे भाग असतात, हे या मुलाखतींतून पुढे आले. घाबरून केलेला अंदाज आणि सैनिकांना विचारून मिळालेले उत्तर यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे आजही दिले जाणारे उदाहरण आहे.

सैनिकांनी स्वतःची केंद्रे कशी उभी केली?

व्यसन सुटले म्हणजे युद्ध सुटले, असे झाले नाही. सरकारी रुग्णालयात जायला व्हिएतनामचे अनेक सैनिक तयार नव्हते. तेथे आपले कुणी ऐकत नाही, अशी त्यांची भावना होती. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांनी आपसात गोलाकार बसून बोलायला सुरुवात केली. ‘रॅप ग्रुप’ या नावाने हे गट ओळखले जाऊ लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यात सहभागी झाले, पण तपासणारे डॉक्टर म्हणून नव्हे, तर गटातले एक म्हणून. दुःस्वप्ने, संताप, अपराधीपणा आणि ते विसरण्यासाठी लागणारी बाटली, हे सगळे या बैठकांत बोलले जाई. युद्धोत्तर मानसिक आघाताला ‘पीटीएसडी’ म्हणून १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले, त्यामागे या गटांतून गोळा झालेल्या अनुभवांचा मोठा वाटा होता.

१९७९ मध्ये संसदेच्या मंजुरीने ‘व्हेट सेंटर’ सुरू झाली, तेव्हा व्हीएच्या प्रमुखपदी मॅक्स क्लेलँड होते. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेले ते माजी सैनिक. ही केंद्रे मुद्दाम रुग्णालयाबाहेर, बाजारपेठेतल्या गाळ्यांसारख्या साध्या जागांत उघडली गेली आणि कर्मचाऱ्यांत माजी सैनिक घेतले गेले. आज देशात अशी सुमारे ३०० केंद्रे आहेत.

व्यसन म्हणजे आजार की गैरवर्तन?

धोरणातला एक शब्दही माणसाचे आयुष्य कसे अडवू शकतो, हे १९८८ च्या एका खटल्यात दिसले. माजी सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण घेण्यासाठी सेवामुक्तीनंतर दहा वर्षांची मुदत असे. आजारपणामुळे ती हुकली, तर वाढवून मिळे. मात्र आजार स्वतःच्या ‘जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तना’तून आला असेल, तर वाढ नाही. अन्य मानसिक आजारातून न आलेले मद्यासक्तीचे व्यसन व्हीए या गैरवर्तनात मोजत असे. दारूतून बाहेर पडलेल्या दोन माजी सैनिकांनी शिक्षणासाठी मुदतवाढ मागितली आणि ती नाकारली गेली.

‘ट्रेनर विरुद्ध टर्नेज’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल १९८८ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी निकाल विभागाच्या बाजूने लागला. सैनिक हरले, पण विषय संसदेपुढे आला. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने कायदा बदलला आणि शिक्षणाच्या मुदतवाढीपुरते तरी दारूच्या व्यसनाला ‘गैरवर्तन’ मानणे थांबले. विभागाच्या निर्णयांविरुद्ध दाद मागण्यासाठी माजी सैनिकांचे स्वतंत्र न्यायालयही त्याच वर्षीच्या कायद्याने आले. तोपर्यंत विभागाने लाभ नाकारला, की बहुतेक प्रकरणांत न्यायालयाचे दार बंदच असे.

टोमाहमध्ये काय घडले?

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अफूजन्य वेदनाशामकांचा मारा अमेरिकेत वाढला आणि व्हीएची रुग्णालये त्याला अपवाद नव्हती. विस्कॉन्सिन राज्यातील टोमाह येथील केंद्रात गोळ्या इतक्या सढळ हाताने दिल्या जात, की काही रुग्णांनी त्याचे नाव ‘कँडी लँड’ ठेवले होते. जानेवारी २०१५ मध्ये शोधपत्रकारांनी हे उघड केले.

त्याआधी, ऑगस्ट २०१४ मध्ये, जेसन सिमकाकोस्की या ३५ वर्षांच्या माजी मरीनचा याच केंद्रात दाखल असताना मृत्यू झाला होता. अनेक औषधांचा एकत्रित विषारी परिणाम, हे कारण निघाले. व्हीएच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत तीन गोष्टी समोर आल्या : नव्याने सुरू केलेल्या औषधाच्या धोक्याबाबत त्याची लेखी संमती घेतली नव्हती, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नांना उशीर झाला आणि औषधांचा परिणाम उलटवणारी औषधे त्या विभागात हाताशी नव्हती. थोडक्यात, ज्याच्या शरीरात औषध जाणार होते, त्याला धोका सांगून त्याचे मत घेतल्याची नोंदच नव्हती.

त्याची पत्नी आणि आईवडील गप्प बसले नाहीत. विस्कॉन्सिनच्या सिनेटर टॅमी बाल्डविन यांच्यासह त्यांनी कायद्यासाठी पाठपुरावा केला. जुलै २०१६ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी सही केलेल्या व्यापक व्यसनविरोधी कायद्यात जेसनच्या नावाचा भाग समाविष्ट झाला. औषधे लिहिण्याची मार्गदर्शक तत्त्वे कडक करणे, प्रत्येक केंद्रात वेदना व्यवस्थापनाचे पथक नेमणे, डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि ओव्हरडोस उलटवणाऱ्या नॅलोक्सोनची उपलब्धता, या त्यातील मुख्य तरतुदी. प्रत्येक वैद्यकीय केंद्राने ठरावीक काळाने लोकांसाठी खुली बैठक घ्यावी, ही तरतूदही त्याच कायद्यात आहे. तिची चर्चा कमी झाली, पण रुग्णाचा आवाज व्यवस्थेच्या कामकाजात बसवण्याचा तो प्रयत्न होता.

गोळ्या कमी झाल्या, मग प्रश्न सुटला का?

आकडे पाहिले, तर यश मोठे दिसते. व्हीएच्या माहितीनुसार २०१२ ते २०२० या काळात अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले. पण गोळी कमी करण्याच्या या मोहिमेत दुसरा एक गट बाजूला पडला. वर्षानुवर्षे तीच गोळी घेऊन कसेबसे उभे असलेले, स्फोटात मणका किंवा पाय गमावलेले रुग्ण. त्यांच्यासाठी गोळी अचानक थांबणे म्हणजे वेदना परत येणे आणि शरीराला माघारीचे झटके बसणे.

२०२० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात व्हीएच्या सुमारे १३ लाख ९४ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध बंद झालेल्यांत ओव्हरडोस किंवा आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढलेला दिसला. औषध जितके जास्त काळ घेतलेले, तितका ते थांबवल्यावरचा धोका अधिक होता. हा नोंदींवरचा अभ्यास असल्याने औषध थांबवणे हेच मृत्यूचे कारण होते, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण इशारा स्पष्ट होता. अशी औषधे एकदम बंद करू नयेत, अशी सूचना अमेरिकी औषध नियामकाने एप्रिल २०१९ मध्येच दिली होती. रोग नियंत्रण केंद्रानेही (सीडीसी) २०१६ ची आपली मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये सुधारली.

इंजिनीअरिंगच्या भाषेत याला फीडबॅक नसलेली यंत्रणा म्हणतात. एका टोकाला चूक झाली, की बटण दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले जाते, कारण मधल्या स्थितीत काय होते, हे सांगणारा संवेदक यंत्रात बसवलेलाच नसतो. येथे तो संवेदक म्हणजे रुग्ण. जास्त गोळ्यांनी जीव गेलेल्यांचे कुटुंबीय बोलले, ते आवश्यकच होते. गोळी तुटल्याने खचलेले मात्र त्या वेळी फारसे कुणी ऐकले नाहीत. माजी सैनिकांचा आवाज एकच नसतो, हे विसरले की असे होते.

सैनिकाचा शब्द सैनिक का ऐकतो?

न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल अमली पदार्थ आणि मानसिक आरोग्याच्या प्रकरणांसाठीची विशेष न्यायालये चालवत. एक माजी सैनिक तेथे उपचारांना दाद देत नव्हता, न्यायाधीशांसमोरही खांदे पाडून, गप्प उभा राही. रसेल यांनी न्यायालयातल्याच दोन माजी सैनिक कर्मचाऱ्यांना त्याच्याशी बाहेर बोलायला सांगितले. तो परत आला, तो ताठ उभा राहिला आणि प्रयत्न करतो म्हणाला. जानेवारी २००८ मध्ये रसेल यांनी माजी सैनिकांसाठी वेगळे उपचार न्यायालय सुरू केले. व्यसनामुळे किंवा मानसिक आजारामुळे गुन्ह्यात अडकलेल्यांना थेट तुरुंगात न पाठवता, न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार द्यायचे आणि प्रत्येकामागे एक माजी सैनिक मार्गदर्शक उभा करायचा, ही त्याची पद्धत. आज देशभर अशी शेकडो न्यायालये आहेत.

रुग्णालयांतही हाच विचार आला. स्वतः मानसिक आजारातून किंवा व्यसनातून सावरलेल्या माजी सैनिकाला प्रशिक्षण देऊन पगारी नोकरीवर घ्यायचे. या पदाला ‘पीअर स्पेशालिस्ट’ म्हणतात. ऑगस्ट २०१२ मध्ये ओबामा यांच्या आदेशाने अशा ८०० जणांच्या भरतीचे उद्दिष्ट ठेवले गेले. २०१८ च्या ‘मिशन’ कायद्याने किमान ३० वैद्यकीय केंद्रांतील प्राथमिक उपचार पथकांत प्रत्येकी दोन पीअर स्पेशालिस्ट नेमायला सांगितले. सुटीच्या दिवशी रात्री दोन वाजता बाटलीकडे हात का जातो, हे या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय तो रोज वॉर्डात असतो, त्यामुळे कुठे काय बिनसते, हे त्याला अहवाल येण्याआधी कळते.

कुणाचा आवाज अजूनही पोहोचत नाही?

सन्मानाने सेवामुक्त न झालेल्यांचा. व्हिएतनामच्या काळात अमली पदार्थांच्या वापरावरून अनेक सैनिकांना प्रतिकूल शेरा देऊन लष्करातून काढले गेले. त्या एका कागदामुळे व्हीएच्या उपचारांचा मार्गही बंद होऊ शकत असे. म्हणजे व्यसनामुळे नोकरी गेली आणि नोकरी अशी गेली, म्हणून व्यसनावरचा उपचारही गेला. २०१८ च्या एका कायद्याने अशा शेऱ्याच्या, पण युद्धक्षेत्रात सेवा केलेल्या बऱ्याच सैनिकांना मानसिक आरोग्याच्या उपचारांचा हक्क दिला. तरी बैठकीला बोलावताना यादी बहुधा नोंदणीकृत रुग्णांची आणि मोठ्या संघटनांची असते. जो व्यवस्थेबाहेर ढकलला गेला, तो त्या यादीत येतच नाही. महिला माजी सैनिकांचाही प्रश्न असाच आहे. सेवेतील लैंगिक अत्याचारानंतर दारूकडे वळलेल्या स्त्रीला पुरुषांनी भरलेल्या गटात बोलणे अवघड जाते.

मग सैनिक म्हणतील तेच धोरण मानायचे का?

तसेही नाही. मानसिक आघातावर ‘एमडीएमए’ या अमली पदार्थाच्या साहाय्याने उपचार करावेत, यासाठी अमेरिकेत माजी सैनिकांच्या गटांनी जोर लावला. अनेकांनी आपल्याला त्याचा फायदा झाल्याचे जाहीरपणे सांगितले. तरी जून २०२४ मध्ये औषध नियामकाच्या सल्लागार समितीने, उपलब्ध पुरावा परिणामकारकता सिद्ध करत नाही, असे नऊ विरुद्ध दोन मतांनी ठरवले आणि ऑगस्टमध्ये नियामकाने मंजुरी नाकारली. चाचण्या कशा घेतल्या गेल्या, याबद्दल गंभीर शंका होत्या. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये व्हीएने मानसिक आघात आणि दारूचे व्यसन दोन्ही असलेल्या माजी सैनिकांवरील एमडीएमए-साहाय्यित उपचारांच्या संशोधनाला निधी जाहीर केला.

हा मार्ग अधिक योग्य म्हणावा लागेल. कोणता प्रश्न तातडीचा आहे, उपचारात काय सहन होते, काय होत नाही, हे रुग्णच सांगू शकतो. औषध काम करते का, याचे उत्तर मात्र चाचणीतूनच यायला हवे. अमेरिकी संरक्षण विभाग आणि व्हीए व्यसन उपचारांची संयुक्त मार्गदर्शिका तयार करताना पुराव्यांचा आढावा घेतात आणि सोबत रुग्णांच्या छोट्या गटाशी चर्चाही करतात. टीकाकारांचा आक्षेप असा, की चर्चा करणे वेगळे आणि मत देण्याचा अधिकार असणे वेगळे.

भारतासाठी यात काय आहे?

भारताची परिस्थिती वेगळी आहे. येथे प्रश्न अफूजन्य गोळ्यांपेक्षा दारूचा अधिक. ‘एम्स’च्या २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ‘ईसीएचएस’ ही आरोग्य योजना आहे, जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. लष्करी कॅन्टीनमधून माजी सैनिकांना हुद्द्यानुसार सवलतीत दारूचा मासिक कोटाही मिळतो.

कायद्यात आवाजाची सोय मात्र आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही धरतो. केंद्र आणि राज्य प्राधिकरणांवर मानसिक आजार अनुभवलेल्यांचे आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत, असेही सांगतो. माजी सैनिकांसाठी त्यात वेगळी जागा नाही. महाराष्ट्राला तर अनुभवी माणसाचे महत्त्व नव्याने शिकवायला नको. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली.

उपचारगृहात जे मान्य झाले, ते धोरणाच्या बैठकीत मान्य व्हायचे आहे. राज्यात साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लष्करात जाणारी गावे आहेत. तेथील निवृत्त जवानासाठी व्यसनमुक्तीची योजना आखताना त्याला आणि त्याच्या पत्नीला बैठकीला बोलावणे, हा फार खर्चाचा उपाय नाही. बोलावल्यावर इतिवृत्तात त्यांचे म्हणणे नोंदले जाते का आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले हे त्यांना सांगितले जाते का, यावरून त्या बोलावण्याला किती अर्थ होता, ते कळेल.